दिवा नसलेला डबा

बॅटरीच्या दुकानात दोन गोष्टी साचतात. मेलेल्या बॅटऱ्या आणि किस्से. बॅटऱ्या न्यायला भंगारवाला टेम्पो घेऊन येतो. किस्से न्यायला कोणी येत नाही. ते कोपऱ्यात पडून राहतात आणि माणूस म्हातारा झाला की पायात येतात.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं ॲसिडनं शिकवलं. नाशकात द्वारका चौकाजवळ माझं दुकान होतं. बॅटरी चार्ज करायची, जुनी उघडून प्लेटा बदलायच्या आणि कोणाची गाडी जागेवर मेली तर तिथं जाऊन ती उठवायची, हा धंदा. लोक मिस्त्री म्हणत. दुकान बंद केलं तरी अजून कोणीतरी विचारायला येतं, "मिस्त्री, गाडीत ठेवायला जम्प स्टार्टर घ्यायचाय. कोणता घेऊ?"

जम्प स्टार्टर म्हणजे करंट भरून ठेवलेला डबा. गाडीची बॅटरी उतरली की त्याचे दोन चिमटे लावायचे, सेल्फ मारायचा, गाडी चालू. एवढंच काम.

मी म्हणतो, बस. तो डबा निवडायला मला सहा वर्षं लागली. का लागली ते ऐक, मग घे.

* * *

डबा यायच्या आधी आमच्याकडे सोमा होता.

सोमा हरसूलकडचा. नव्वदच्या आसपास द्राक्षाच्या छाटणीला खाली आला आणि छाटणी संपल्यावर परत गेला नाही. माझ्या दुकानासमोर एका ट्रकवाल्यानं बॅटरी उतरवायला दोन माणसं मागितली. सोमानं ती एकट्यानं उचलली आणि विचारलं, "कुठं ठेवू?" मी म्हणालो, "इथंच ठेव. आणि तूही इथंच राहा." तो राहिला. पुढं बायकोला, चांगुणाला, घेऊन आला. दुकानामागच्या खोलीत संसार मांडला.

माझ्याकडे एक बॅटरी होती. मी स्वतः बांधलेली. प्लेट न् प्लेट माझ्या हातची, वर डांबर ओतून बंद केलेली. तिला आम्ही काळी म्हणायचो. वजन तीस किलोच्या वर. कुठलीही गाडी असो, काळी लावली की उठणारच. फोन आला की मी स्कूटर काढायचो. सोमा मागं बसायचा, काळी मांडीवर. स्कूटर जाईल तिथपर्यंत स्कूटर, पुढं सोमाचा खांदा. खांद्यावर गोणपाटाची घडी आणि तिच्यावर काळी.

ॲसिड सुती कापड खातं. सोमाच्या प्रत्येक शर्टाला उजव्या खांद्यावर भोकं. गोणपाटाची तर चाळण झाली होती. चांगुणा शिवून शिवून थकली. सोमा म्हणायचा, "राहू दे. उन्हाळ्यात वारा लागतो."

* * *

सोमा सगळ्यांना तू म्हणायचा. त्याच्या डोंगरात लहानमोठ्या सगळ्यांना तूच म्हणतात. मलाही तू. मी एकदोनदा टोकलं, मग सोडून दिलं.

एकदा त्र्यंबक रोडला एका मोठ्या सरकारी साहेबाची जीप बंद पडली. साहेब रस्त्याच्या कडेला उभे. बरोबर शिपाई, ड्रायव्हर, फायली. सोमा काळी घेऊन गेला आणि म्हणाला, "तू जरा बाजूला हो."

साहेब लाल झाले. "कोणाशी बोलतोयस कळतंय का? मला तू म्हणतोस?"

सोमानं काळी खाली ठेवली नाही. तीस किलो खांद्यावर घेऊन तो शांतपणे म्हणाला, "तुझी जीप चालू करायची का नाय, तेवढं सांग. वजन हाय."

साहेब बाजूला झाले.

* * *

गंगापूर रोडला एक वकील राहायचे. रिटायर झालेले. बायको गेलेली, मुलं परदेशात. अंगणात जुनी पांढरी मोटार. रोज पुसायचे, पण कुठं न्यायचे नाहीत. महिन्यातून दोनदा त्यांची बॅटरी उतरायची आणि फोन यायचा, "मिस्त्री, सोमाला पाठवा."

मी बॅटरी काढून आणली, तपासली. उत्तम. डायनॅमो तपासला. उत्तम. वायरिंगमध्ये कुठं गळती आहे म्हणून एक अख्खा दिवस शोधलं. काही नाही. माझी झोप उडाली. नाशकात मला न सापडलेला फॉल्ट नव्हता.

शेवटी सोमा म्हणाला, "नको शोधू, मिस्त्री. गाडीतला छताचा दिवा तो रातभर चालू ठेवतो. सकाळी बंद करतो, मग फोन करतो."

"तुला कधीपासून माहीत?"

"पहिल्यापासनं."

"मग सांगितलं का नाहीस? त्यांना बंद करायला सांगायचं."

"कशाला? चहा चांगला करतो. त्याच्या हातचा दुसरं कोण पितं?"

वकील वारले तेव्हा त्यांना न्यायला चार माणसं जमेनात. एक खांदा सोमाचा होता. नेहमीचाच, उजवा.

* * *

आता हा किस्सा मी फार लोकांना सांगितलेला नाही.

खंडेनवमीला आम्ही हत्यारांची पूजा करायचो. पाने, ॲसिड तपासायचा हायड्रोमीटर, चार्जर, आणि मध्यभागी काळी. पूजा चांगुणा मांडायची. काळीच्या प्लसच्या टोकाला मी लाल रंग दिला होता, मायनसचं टोक मोकळं. लाल दिसलं की प्लस. बघायचं नाही, विचार करायचा नाही, हात आपोआप जायचा. त्या वर्षी चांगुणानं भक्तीनं दोन्ही टोकांना कुंकू लावलं. चांगलं ठसठशीत. कोणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. एका डॉक्टरचा फोन आला. हाडांचा डॉक्टर, स्वतःचं हॉस्पिटल. ऑपरेशनला निघालेला आणि गाडी मेलेली. आम्ही गेलो. सोमानं काळी उतरवली, चिमटे मी लावले. मला लाल दिसलं आणि हात गेला.

ठिणगी उडाली. वायरी जळल्याचा वास आला. बॉनेटखालून धूर. डॉक्टर ओरडत बाहेर आला, "कोणी लावलं हे? कोणी उलटं लावलं?"

तोवर एवढ्या वर्षांत मी कधी उलटी बॅटरी जोडली नव्हती. मी तोंड उघडलं, पण त्यातून काही निघालं नाही.

सोमा पुढं झाला. "साहेब, चूक माझी हाय. चिमटे मी लावले. मिस्त्री, तुम्ही बाजूला व्हा."

डॉक्टरनं त्याला नको नको ते ऐकवलं. मला म्हणाला, "मिस्त्री, तुमचं एवढं नाव. असली अडाणी माणसं ठेवता कशाला?" मी खाली बघून जळलेल्या वायरी मोजत होतो. गाडीचं सगळं काम मी नंतर माझ्याकडून करून दिलं. पण जे बोलायचं ते बोललो नाही.

परत येताना स्कूटर सीबीएसला, बसस्टँडपाशी थांबवली. म्हणालो, "आज मला तुम्ही म्हणालास. कोणी शिकवलं?"

सोमा मागून म्हणाला, "तू गप झालास म्हणून. नोकर वाटायला नको का मी?"

पुढच्या खंडेनवमीला चांगुणानं करंडा हातात घेऊन मला विचारलं, "कुंकू कुठं लावू?" मी म्हणालो, "पोटाला लाव, टोकाला नको." सोमा हसून म्हणाला, "मिस्त्रीनं देवाला बी पलस-मायनस शिकवलं."

मी हसलो नाही.

* * *

गंगापूर धरणाच्या मागल्या बाजूला एक कुटुंब सहलीला गेलेलं. चारी दारं उघडी टाकून दिवसभर टेप वाजवला. संध्याकाळी गाडी मेली. पाऊस होऊन गेलेला, स्कूटर आत जाईना. सोमा काळी घेऊन अर्धा किलोमीटर चिखलातून चालला. गाडी चालू करून दिली. त्यांनी आमच्यासमोर परत टेप लावला आणि हात हलवत निघून गेले.

सोमा काळी उचलायला वाकला तो वाकलेलाच राहिला. वर येईना, खाली बसेना. कपाळावर घाम. मी धरायला गेलो तर म्हणाला, "मला राहू दे. आधी बॅटरी ने, रात व्हईल."

अर्ध्या तासानं तो सरळ झाला. त्या दिवशी काळी मी उचलली. मला ती शंभर पावलंसुद्धा नेता आली नाही. दोघांनी मिळून ओढत आणली. एवढं वजन तो इतकी वर्षं दिवसातून चार-पाच वेळा उचलत होता, हे मला माहीत होतं. किती असतं ते माहीत नव्हतं.

हाडांचा डॉक्टर म्हणून त्याच डॉक्टरकडे नेलं. त्यानं सोमाला ओळखलं.

"हाच ना तो? माझी गाडी जाळणारा?"

"व्हय, मीच," सोमा म्हणाला.

मी एक्स-रेचा फोटो उजेडाकडे धरून बघत होतो. फोटोतलं मला काही कळत नव्हतं.

डॉक्टर मात्र काम नीट करणारा माणूस. त्यानं सगळं तपासून सरळ सांगितलं, "मणका घसरतोय. आजपासून वजन बंद. पुढच्या खेपेला पाय जाईल."

सोमा म्हणाला, "मग माझ्या बदली तू येतोस का?"

डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं. "मिस्त्री, बाहेर आता डबे मिळतात. हातात धरून न्यायचे. एखादा बघा. या माणसाला उचलायला लावू नका."

मी हो म्हणालो.

* * *

पहिला डबा घेऊन मुंबईचा एक सेल्समन आला. टाय बांधलेला. डबा अर्ध्या विटेएवढा. गाडीत सिगारेट पेटवायला जागा असते तिथं त्याची वायर खोचायची. बॉनेट उघडायची गरज नाही, असं तो तीनदा म्हणाला.

दुकानासमोर एक डिझेल जीप उभी होती, मेलेली. म्हणालो, "लावा."

"सर, पंधरा मिनिटं द्यावी लागतात."

पंधरा मिनिटं दिली. जीप म्हणाली, टक्. आणखी पंधरा दिली. परत टक्. सेल्समन रुमालानं मान पुसायला लागला.

सोमा पायरीवर बसून बघत होता. म्हणाला, "मिस्त्री, त्या डब्याला काहीतरी खायला घाल. उपाशी दिसतो."

मी सेल्समनला वायर दाखवली. "ही बुटाच्या नाडीएवढी वायर. यातून सेल्फचा करंट जाईल? खोपोलीचं पाणी नळीनं पुण्याला न्याल का?"

म्हणून सांगतो, डबा घेताना आधी डबा बघू नकोस. वायर बघ. अंगठ्याएवढी जाड पाहिजे. मग चिमटे बघ. दात घट्ट पाहिजेत, बोट घातलं तर ओरडायला पाहिजे. डब्याचा रंग शेवटी.

त्या दिवशी जीप काळीनं चालू केली. दुकानासमोरच होती, चार पावलांवर. सोमा उठला आणि मी काही बोलायच्या आत काळी त्याच्या खांद्यावर होती.

* * *

दुसरा डबा वेगळा होता. तो घेऊन आलेला माणूस बोलत नव्हता, हे मला आधी आवडलं. डबा पेटीएवढा, आत खरी बॅटरी, वायरी अंगठ्याएवढ्या जाड, चिमटे तांब्याचे. वजन आठ-नऊ किलो. किती भरलाय ते दाखवायला तीन बारीक लाल ठिपके. आणि बाजूला एक दिवा. अंधारात गाडी बंद पडली तर बॉनेटमध्ये बघता यावं म्हणून. मोठा दिवा, बटण दाबलं की पांढरा उजेड.

तो म्हणाला, "आठ दिवस ठेवा. वापरा. नाही आवडला तर परत न्यायला मी येतो."

शुक्रवारी त्या डब्यानं दोन गाड्या उठवल्या. शनिवारी सकाळी एक डिझेलची उठवली, पहिल्या सेल्फला. मी चिमटे सोडवले, डबा एका हातात घेतला आणि स्कूटरच्या पायाशी ठेवला. मागं सोमा बसला होता. मांडी मोकळी. हात कुठं ठेवावे ते त्याला कळत नव्हतं.

दुकानात आल्यावर त्यानं विचारलं, "हा राहिला म्हंजे मी काय करायचं?"

"हा उचलायचा."

"हा तर चांगुणा बी उचलील. तू बी उचलशील." डब्याकडे बघत म्हणाला, "मग मला कशाला ठेवशील?"

मी म्हणालो, "ठेवीन." पण दोन चार्जर आणि पाच प्लगांच्या दुकानात मणका घसरलेल्या माणसाला दुसरं काय काम देणार, हे मलाही माहीत नव्हतं आणि त्यालाही. तो अक्षर शिकलेला नव्हता. प्लेटांचं काम मी त्याला कधी शिकवलं नव्हतं. ते मी कोणालाच शिकवलं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी दुकान बंद केलं. रविवार सुट्टी.

सोमवारी सकाळी डॉक्टरनंच बोलावलं. त्याला डबा बघायचा होता. हॉस्पिटलच्या आवारात त्याची गाडी, थंडीनं मेलेली. डबेवाला आला, डॉक्टर आला, दोन वॉर्डबॉय आले. मी डबा काढला. सोमानं मी न सांगता काळीही बरोबर घेतली होती.

चिमटे लावले. डॉक्टरनं किल्ली फिरवली.

काहीच नाही. टक् सुद्धा नाही.

डबेवाल्यानं बटण दाबून बघितलं. एकही ठिपका पेटला नाही. तो चक्रावला. "मिस्त्री, शनिवारी फुल होता. तुम्हीच सांगितलंत. असा उतरत नाही हा."

मी म्हणालो, "उतरला ना?"

"चार्जिंगला लावून उद्या परत..."

"घेऊन जा," मी म्हणालो. "जो स्वतः झोपला तो दुसऱ्याला काय उठवणार."

वॉर्डबॉय हसले. सोमानं गोणपाट खांद्यावर टाकलं, काळी घेतली, दहा पावलं चालला आणि गाडी पहिल्या सेल्फला उठली. वॉर्डबॉय म्हणाले, "वा, काका!" सोमाचा चेहरा मी त्या दिवशी बघितला तसा पुन्हा बघितला नाही. लग्नातल्या नवऱ्यासारखा.

डॉक्टर एकटाच हसला नाही. मला बाजूला घेऊन म्हणाला, "दुसरा बघा, मिस्त्री. लवकर."

* * *

त्यानंतर मी आणखी चार डबे बघितले. एकाची वायर आखूड. एकाचे चिमटे पत्र्याचे. एक चांगला होता, त्याला मी म्हणालो बटण नाजूक आहे. चौथा उघडूनही बघितला नाही.

गावात बोललं जायचं की मिस्त्री चिकट. दुसरे बॅटरीवाले म्हणायचे, मिस्त्रीला डबा नको, त्याला खांद्यावर बॅटरी घेऊन येणारा माणूस दाखवायला आवडतो.

सोमाचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली गेला होता. चांगुणा रोज तेल लावायची. एकदा ती दुकानात येऊन उभी राहिली. ती माझ्याशी फारशी बोलायची नाही. म्हणाली, "मिस्त्री, एखादा डबा चांगला नाय निघत का?"

"बघतोय," मी म्हणालो.

"किती बघशील," ती म्हणाली आणि आत गेली.

* * *

डिसेंबरातली सकाळ. नाशकात अशा थंडीत बॅटऱ्या एकदम बसतात. सात वाजल्यापासून फोन. सिन्नर फाट्याला पाचवी गाडी. सोमानं काळी स्कूटरवरून उचलली, दोन पावलं टाकली आणि उभा राहिला.

"मिस्त्री, माझा डावा पाय कुठंय?"

मी म्हणालो, "आहे जागेवर."

"मला लागत नाय."

तरी त्यानं काळी टाकली नाही. मी येऊन दोन्ही हातांनी धरली, मगच सोडली. मग तो खाली बसला. गाडीवाला म्हणाला, "अहो, माझं काय? मला लग्नाला जायचंय."

डॉक्टरनं ऑपरेशन केलं. जे करता येण्यासारखं होतं ते केलं. पाय अर्धा आला, अर्धा नाही. सोमा म्हणाला, गावाला जातो. मी नको म्हणालो. तो म्हणाला, "इथं बसून काय करू? बॅटरी राखू?"

त्यांचं सामान टेम्पोत मावलं. गोणपाट त्यानं दुकानातच ठेवलं, काळीवर घडी घालून.

तो गेला त्याच आठवड्यात मी मुंबईला गेलो आणि एका दिवसात डबा घेतला. वायर बघितली, चिमटे बघितले. दुकानदारानं दोन डबे पुढं ठेवले. म्हणाला, "हा लाईटवाला घ्या, मिस्त्री. भाव तोच. रात्री उपयोगी."

मी म्हणालो, "दिवा नको."

"अहो, सगळे लाईटवालाच नेतात."

"नेऊ देत. मला दिवा नको."

बिनदिव्याचा घेतला. अजून चालतो. आत दोनदा सेल बदलले. माझ्या हातानं.

* * *

शेवटचा किस्सा हरसूलचा.

बाजाराचा दिवस बघून गेलो, म्हणजे परतीची जीप मिळते. डबा बरोबर घेतला. गावात दाखवण्यासारखी एकही गाडी नव्हती, तरी घेतला. सोमाचं घर बाजारापासून चढावर. आठ किलोचा डबा घेऊन तो चढ चढताना मी तीनदा थांबलो.

सोमा ओट्यावर बाजेवर पडलेला. चांगुणा बाजूला सुपात नागली पाखडत होती. मला बघून तो उठायला गेला. मी हात केला.

"आणलास?" तो म्हणाला.

"आणला."

"दे इकडं."

मी डबा त्याच्याजवळ ठेवला. त्यानं झोपूनच एका हातानं उचलला, खाली ठेवला, परत उचलला. वायर चिमटीत धरून बघितली. चिमट्यात बोट घातलं. "चांगला धरतो," म्हणाला. मग डबा उलटा केला, सगळ्या बाजू चाचपल्या, जसं काही हरवलंय.

"दिवा कुठंय?"

"याला नाही."

"त्याला व्हता."

"त्याला होता."

चांगुणानं गुळाचा काळा चहा आणला. मी प्यालो. सोमानं कप तसाच ठेवला. बाजारातून लोक खाली-वर करत होते. कोणीतरी त्याला हाक मारली, त्यानं बघितलं नाही. बोटं डब्यावरच होती.

"मिस्त्री, तो डबा वाईट नव्हता."

मी कप खाली ठेवला.

"त्याचा दिवा मी लावून ठेवला व्हता. शनवारी सांजचा. वर गोणपाट टाकलं. वकिलाची गाडी उतरायची ना, तसा. सोमवारपर्यंत उतरंल म्हटलं." तो छपराकडे बघत बोलत होता. "तू त्या माणसाला घालवलंस. लय वाईट वाटलं मला. त्याची चूक नव्हती."

चांगुणाचं पाखडणं थांबलं होतं.

मी म्हणालो, "मला माहीत आहे."

"काय म्हाईत?"

"शटर ओढताना आत अंधार झाला. गोणपाटाच्या भोकांतून उजेड येत होता. भिंतीवर सगळे ठिपके पडले होते."

सोमानं मान वळवली. पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"मग बंद का नाय केलास, मिस्त्री?"